कोल्हापुरात रंकाळ्यावर पळणाऱ्या पुतण्यास

पोरा, स्टेंट बसला म्हणून पळणं संपलं, हे तुला गल्लीतल्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी नव्हे. १९७३ साली टोरांटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांनी झटका येऊन गेलेली माणसं तयार करून बोस्टन मॅरेथॉनला उतरवली होती. मात्र तुझं बघून दुसऱ्या कुणी बूट बांधायला नकोत. हृदयाचा स्नायू जाड झालेला, झडप अरुंद झालेली, त्यांचा हिशोब निराळा.

आता ठोक्यांचं. '२२० वजा वय' हे कमाल ठोक्यांचं गणित विसर. तू मेटोप्रोलॉल घेतोस, ती गोळी ठोके पूर्वीइतके वर चढू देत नाही. मॅफेटोन या प्रशिक्षकाचं '१८० वजा वय' पळणाऱ्यांत चालतं. नेहमीचं औषध सुरू असेल तर त्यातून आणखी १० वजा. तुझं वय ५२, म्हणजे ११८. तेही डोळे झाकून घेऊ नकोस. समज, ट्रेडमिलवरच्या चाचणीत, म्हणजे टीएमटीत, १२० ठोक्यांना कार्डिओग्राम बिघडायला लागला, तर त्याच्या १० खाली राहायचं, म्हणजे ११०. हा आकडा कुठल्या सूत्रात सापडत नाही. तेव्हा फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बस आणि विचार, कितव्या ठोक्याला काय दिसलं? चाचणी गोळी घेऊन केली होती की बंद ठेवून, हेही विचार. बंद ठेवून केली असेल तर तो आकडा तुझ्या रोजच्या पळण्याला लागू नाही.

एवढ्या कमी ठोक्यांत पळायचं म्हणजे सुरुवातीला निम्मं चालणंच. संध्यामठाजवळ ओळखीचे हाक मारणार, "काय पैलवान, दम संपला काय?" हसायचं आणि चालत राहायचं. मला तर गोळ्यांपेक्षा हे पथ्य अवघड वाटतं. आपल्या गावात मागं राहायला कुणाला आवडतंय? शेजारून कोण पुढं गेला की पाय आपोआप उचलतात. त्याच वेळी घड्याळाकडं बघ.

घड्याळावरही फार भरवसा नको. मनगटावरचं यंत्र कधी कधी पावलंच ठोके म्हणून मोजतं. छातीचा पट्टा बरा. नाहीतर बोलून बघ. अख्खं वाक्य दम न लागता आलं पाहिजे.

एप्रिल-मेच्या उकाड्यात तोच वेग ठेवलास तरी ठोके चढतात. तेव्हा आकडा धर, वेग सोड. पन्हाळ्याचा घाट पळून चढायचं तूर्त डोक्यातून काढ. तालमीतली दम कोंडून जोर मारायची सवयही सोड. त्यानं रक्तदाब एकदम उसळतो. पळण्याआधी दहा मिनिटं चाल, नंतरही दहा मिनिटं. पळून थांबल्या थांबल्या कट्ट्यावर बसलास तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आता राहू दे. ताप, अंगदुखी असेल त्या दिवशी बूट घालूच नकोस.

छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं की जागीच थांब. 'ही फेरी पुरी करतो' नाही. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर आधी खाली बस, मग जिभेखाली ठेव. उभ्यानं घेतलीस तर रक्तदाब उतरून पडशील. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन. आणि खिशात एक चिठ्ठी असू दे: नाव, स्टेंट कधी बसला, गोळ्या कोणत्या, सूनबाईंचा नंबर.