कवडीचा धंदा किती कवड्यांचा?

करमाळा तालुक्यातल्या केमपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही समुद्रातून आलेल्या एका वस्तूला या भागात बारा महिने गिऱ्हाईक असतं, ती म्हणजे कवडी. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ, परडीला कवड्या, गोंधळ्याच्या पोशाखात कवड्या, पोळ्याला बैलाच्या गळपट्ट्यावरही कवड्याच. त्यामुळे शंख-शिंपल्यांच्या वस्तू हाताने करून बाजारात बसायचा विचार असेल, तर शिंपल्यांच्या फोटो-चौकटी, झुंबरं आणि ‘बीच’ छापाची सजावट पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांसाठी ठेवा. केममधून सुरुवात करायची तर कवडीनेच करावी.

कवडी किलोवर मिळते, माळ मात्र नगावर विकली जाते. पहिला हिशेब इथेच चुकतो. व्यापाऱ्याकडून किलोचा भाव ऐकून घेतला की शंभर ग्रॅम तोलून त्यात किती नग येतात ते मोजा. फुटक्या, भोकं पडलेल्या आणि फार लहान-मोठ्या कवड्या बाजूला काढा. वजन आणि गारवा हातात घेऊन पाहा, कारण प्लॅस्टिकच्या कवड्याही बाजारात आहेत. त्या हलक्या असतात आणि बहुधा कडेला साच्याची रेघ दिसते. पाठ घासून सपाट केलेली कवडी महाग पडते, पण नवख्याने तीच घ्यावी. घरी घासायची तर पाणी टाकून आणि तोंडाला फडकं बांधूनच, कारण शिंपल्याची कोरडी धूळ छातीला वाईट. चकाकीसाठी आम्लात बुडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता आकडे. खालचे भाव उदाहरणापुरते धरले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा कवडी ६०० रुपये किलो आणि किलोत ८०० नग. दहा टक्के बाद झाल्या तर उरल्या ७२०, म्हणजे एक कवडी साधारण ८३ पैशांना. चाळीस कवड्यांच्या माळेला ३३ रुपये, दोरा-मणी-गोंड्याचे ७. झाले ४०. एका माळेला चाळीस मिनिटं लागतात असं धरलं आणि तासाला ६० रुपये मजुरी लावली, तर आणखी ४०. घरची बाई करते म्हणून हा आकडा शून्य लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडली नाही तर धंदा फायद्यात आहे की नाही हे कधीच कळणार नाही.

म्हणजे माळ ८० रुपयांना पडली. खरा खर्च यानंतर सुरू होतो. तीन दिवसांच्या यात्रेत जागेचे दीड हजार, जाण्या-येण्याचे ६०० आणि जेवणखाण-चहाचे ९०० धरले, तर ३,००० झाले. साठ माळा खपल्या तर प्रत्येकीवर ५० चढतात आणि माळ १३० ला पडते. १५० ला विकली तर माळेमागे २० सुटले. तीसच खपल्या तर वरचा भार १०० होतो, माळ १८० ला पडते आणि त्याच भावात तुम्ही माळेमागे ३० रुपये घालवता. कवडीच्या भावावरून दहा-वीस रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा जागेच्या पैशांवर डोकं लावा. पावती कोण देतो, वीज त्यात धरली आहे का, पाऊस आला तर ताडपत्री कुणाची, हे पैसे देण्याआधी विचारा. दोन बचत गटांनी एक जागा वाटून घेतली तर जागेचा भार अर्ध्यावर येतो.

पंढरपूरला केमहून कुर्डुवाडीमार्गे रेल्वेने जाता येतं. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्या आहेत, पण आषाढीच्या गर्दीत नवख्याला बरी जागा मिळणं अवघड. कवडीचं गिऱ्हाईक मुळात देवीचं, म्हणून तुळजापूरचं नवरात्र आणि घराजवळ करमाळ्याची कमलाभवानी आधी पाहा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. सामानाचं भाडं मात्र वेगळं लागू शकतं, ते हिशेबात धरा.

माळांशेजारी केमचं कुंकू ठेवलं तर पथारीवर थांबणारी बाई काहीतरी घेऊनच जाते. कुंकवावर जीएसटी नाही. तसंही फक्त राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. कुंकू गावातल्या कारखान्यातून बंद पाकिटात घ्या. सुटं आणून स्वतः भरलं तर पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, भरणाऱ्याचं नाव-पत्ता वगैरे छापणं आलं. उद्यम नोंदणी आणि हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र, दोन्ही मोफत आहेत. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला नमस्कार करून परत पाठवा.

काय विकू नये, हे इथे किमतीइतकंच महत्त्वाचं आहे. यात्रांमध्ये ‘इंद्रजाल’ म्हणून काळ्या जाळीदार फांद्या मिळतात. दुकानदार ती वनस्पती म्हणून सांगतो. बहुधा ते काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो, म्हणजे समुद्री प्राणी. काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची विक्री केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. काही मोठे शंख, नॉटिलस, गोव्याच्या जुन्या खिडक्यांत दिसणाऱ्या काचेसारख्या पातळ शिंपल्या, एवढंच काय, कवडीच्याही काही दुर्मीळ जाती संरक्षित आहेत. म्हणून नेहमीची लहान पिवळट-पांढरी कवडीच घ्या, बिल घ्या आणि जपून ठेवा. ‘नशीब उजळतं’ म्हणून जो माल विकला जातो, तो पथारीवर मांडूच नका.

बैलांचे पट्टे मात्र आधी करून ठेवू नका. मापं जनावरागणिक बदलतात आणि पोळा सरला की पट्टा वर्षभर खुंटीला. निम्मे पैसे आगाऊ घेऊन, गळ्याचं माप दोरीने आणायला सांगूनच ऑर्डर घ्या.