शर्यतीची खेळण्यातील मोटार आणि इंग्रजी शब्दांचे अर्थ
(इयत्ता चौथी व पाचवी)



बोईसरच्या बाजारातून अगर पालघरच्या दुकानातून आणलेली बोटभर लांबीची शर्यतीची मोटार हल्ली कित्येक मुलांच्या दप्तरात सापडते. काही मुले अशा मोटारी जमवितात, त्यांची अदलाबदल करतात व रिकामी खोकीही जपून ठेवतात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते; त्यामुळे मूल खोक्यावरील शब्द अक्षरे लावून वाचते आणि त्याचा अर्थ आपणांस विचारते. त्या प्रश्नास उत्तर कसे द्यावे, हा या पाठाचा विषय होय.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. समुद्रकाठच्या एका शाळेत मी ‘स्केल’ या शब्दाचा अर्थ विचारला. मला ‘मोजपट्टी’ हे उत्तर हवे होते. एका कोळ्याच्या मुलीने ‘खवला’ असे उत्तर दिले. मी ‘चूक’ म्हणालो, वर्ग हसला. मुलगी खाली बसली व पुढे कित्येक दिवस तिने हात वर केला नाही. तिचे मामा मासळीच्या व्यापारात होते. त्यांच्याकडून तिने तो शब्द ऐकला होता. शब्दकोश उघडून पाहिला तेव्हा तिचे उत्तर बरोबर असल्याचे दिसले. चुकलो होतो तो मीच.

इंग्रजीत ‘स्केल’ हे एकाच वेषातील तीन निरनिराळे शब्द आहेत. माशाचा खवला हा अर्थ जुन्या फ्रेंचमधील टरफलवाचक शब्दापासून आला; तराजू हा अर्थ उत्तरेकडील नॉर्स भाषेतील वाडगेवाचक शब्दापासून; आणि मोजमाप हा अर्थ लॅटिनमधील शिडीवाचक शब्दापासून. खोक्यावर १:६४ असे छापलेले असते, तेथे हा तिसरा अर्थ घ्यावयाचा. खेळणे ७ सें.मी. लांब असेल, तर खरी मोटार ७ × ६४ म्हणजे ४४८ सें.मी., अर्थात सुमारे साडेचार मीटर लांब असणार. मुलांकडून शाळेच्या अंगणात खडूने तेवढी रेघ ओढवून घ्यावी. नकाशातील प्रमाण समजण्यासही हाच पाठ उपयोगी पडतो.

‘डाय’ म्हणजे मरणे, हे मुलांस ठाऊक असते. परंतु बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांच्या तोंडी ‘डाय’ म्हणजे साचा. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबून घडविलेल्या मोटारीस ‘डायकास्ट’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मुळात वेगळे आहेत.

‘मिंट’ म्हणजे पुदिना, तसेच टांकसाळ. जमविणारे लोक एखाद्या मोटारीस ‘मिंट’ म्हणतात, तेव्हा टांकसाळीतून निघालेल्या नाण्यासारखी कोरी करकरीत, असा अर्थ असतो. ‘मॅच’ म्हणजे आगकाडी, तसेच सामना. ‘मॅचबॉक्स’ नावाच्या खेळण्यांची मालिका लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली काढली. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. म्हणून त्यांनी तिला पितळेचा चिमुकला रोडरोलर करून दिला. त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. शाळेच्या एका नियमातून जगभर खेळणी गेली, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

‘पिट’ म्हणजे खड्डा. महामार्गावरील गॅरेजात मोटारीखाली उतरून काम करण्याचा खड्डा मुलांनी पाहिलेला असतो. शर्यतीत मात्र चाके बदलण्याच्या जागेस ‘पिट’ म्हणतात. ‘लॅप’ म्हणजे मांडी, आणि शर्यतीत एक पूर्ण फेरी. येथे मूळ शब्द एकच आहे: वस्त्राचा घोळ, घोळ पडतो ती मांडी, गुंडाळणे, आणि मार्गास घातलेला वेढा, अशी अर्थाची वाढ होत गेली.

मुलांस हे अवघड वाटेल, अशी भीती बाळगू नये. मराठीतही असेच आहे. ‘नाव’ म्हटल्यावर सातपाटीच्या मुलास होडी आठवेल, हजेरी घेताना स्वतःचे नाव आठवेल. पहिल्याचे मूळ संस्कृत ‘नौ’, दुसऱ्याचे ‘नामन्’. पाठाचा आरंभ याच शब्दाने करावा.

पाठाची पद्धती: फळ्यावर तीन रकाने आखावेत: शब्द, मला माहीत असलेला अर्थ, मोटारीच्या संदर्भातील अर्थ. दुसरा रकाना मुलांकडूनच भरून घ्यावा. प्रत्येक शब्द वाक्यात घालून दोन्ही अर्थांनी वापरावा. एखादे उत्तर अनपेक्षित आले, तर ‘चूक’ म्हणण्यापूर्वी ‘हा शब्द तू कोठे ऐकलास?’ असे विचारावे. मोटार विकत आणण्यास कोणासही सांगू नये. वर्गात एक असली तरी पुरे, आणि तीही नसल्यास रिकामी आगपेटी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली व त्या मुलीस फळ्याशी बोलावले. तिने घोळ माशाचे चित्र काढले व एका खवल्याकडे बाण दाखवून ‘स्केल’ असे लिहिले. त्या दिवशी वर्ग हसला नाही; सर्वांनी तो शब्द आपापल्या वहीत उतरून घेतला.