वळीव कोणता, मोसमी कोणता?

पाऊस पडला म्हणजे पेरावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तो पाऊस कोणता, हें न पाहतां ज्यानें बीं टाकलें त्यास दुबार पेरणीसाठीं कर्ज काढण्याची पाळी येते. यास्तव ढग कसा होतो, हें प्रथम समजून घेऊं.

हवेंत पाण्याची वाफ असते, ती डोळ्यांस दिसत नाहीं. पावसाळी दिवशीं तांब्यांत थंडगार पाणी भरून ठेवा. थोड्या वेळानें त्याच्या बाहेरच्या अंगास थेंब जमतील. तें पाणी आंतून पाझरलेलें नव्हे. भोंवतालची हवा निवाली व तिच्यांतील वाफेचें पाणी झालें. ढगाचेंही तसेंच. हवा वर चढली म्हणजे तिजवरील दाब कमी होतो, ती फैलावते व निवते. (सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, तो याच्या उलट प्रकार होय.) कोरडी हवा दर १०० मीटर चढणीस सुमारें १ अंश सेल्सिअस निवते. तेव्हां प्रश्न उरतो तो हा कीं, हवेस वर कोण उचलतें?

एक तर डोंगर. जून महिन्यांत अरबी समुद्रावरून येणारा वाफेनें भरलेला वारा सह्याद्रीस अडून वर चढतो. महाबळेश्वरास वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पांचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि घाट उतरून वाईस आलें कीं ८०० मिलिमीटरही भरत नाहीं. कारण, पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व ढग विरतात. माण तालुक्यांतील शेतकरी ढग धांवतांना पाहतो आणि शेत मात्र कोरडें राहतें, त्याचें इंगित हें. त्यांत कोणाच्या पापाचा किंवा कोणाच्या नजरेचा कांहीं संबंध नाहीं.

दुसरें, ऊन. वैशाखांत जमीन तापते, तीवरील हवा उसळून वर जाते, आणि दुपारनंतर मनोऱ्यासारखे ढग उभे राहतात. हा वळीव. सकाळ निरभ्र, तिसऱ्या प्रहरीं वावटळ व गडगडाट. एक गांव भिजतें, शेजारचें कोरडें राहतें.

तिसरें, दोन हवांची गांठ. एका प्रदेशावर पुष्कळ दिवस राहिलेली हवा तेथील उष्णता व ओल घेते. तीस वायुराशि म्हणतात. थंड व जड राशि उबदार राशीखालीं पाचरीसारखी शिरून तीस वर लोटते. त्या सीमेस ‘आघाडी’ हें नांव पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेंतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनीं रणांगणावरून दिलें. युरोपांत हिंवाळ्यांतील पुष्कळ पाऊस अशा आघाड्यांवर पडतो; आपला मोसमी पाऊस त्या जातीचा नव्हे. तरी उत्तरेकडील थंड, कोरडी हवा आणि समुद्राकडील ओली हवा आपल्याकडेही कधीं एकमेकींस भिडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाडा व विदर्भ येथें गारांनीं उभा गहूं व हरभरा झोडपला, तेव्हां अशीच गांठ पडली होती.

मोसमी पावसाची खूण म्हणजे पश्चिमेकडचा वारा रात्रंदिवस टिकतो, आभाळ भरून राहतें, आणि सरी गांवोगांव पडतात. एका दुपारच्या झोडीवर विसंबूं नये. कृषि खातें ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याविना पेरूं नका असें सांगतें. मोजण्यास सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा पुरे. तो झाडापासून दूर, उघड्यावर ठेवावा व रोज सकाळीं आंतील पाण्याची उंची पट्टीनें मोजून वहींत मांडावी.