लक्ष लागत नाही. लंडनला जाऊ का?

प्रश्न : वय ३४, वाळूजला नोकरी. कामं अर्धवट राहतात, किल्ल्या हरवतात, बिलं भरायची राहून जातात. लंडनची मावसबहीण म्हणते, इकडे येऊन एडीएचडीची तपासणी करून घे. जावं का?

उत्तर : तिकिटाचे पैसे वाचवा. तिथल्या सरकारी सेवेत तिथलेच लोक या तपासणीसाठी वर्षानुवर्षं ताटकळतात. तुम्हाला खासगी दवाखानाच गाठावा लागेल. शिवाय एडीएचडी रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. बारीक विचारपूस हाच तपासणीचा गाभा. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे पाहावं लागतं. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. ‘हुशार, पण धांदरट’ असा शेरा सापडला तर सोबत न्या. लहानपणचं सांगायला आईलाही न्या. तिचं मराठी लंडनच्या डॉक्टरला कोण समजावणार?

घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागापासून सुरुवात करा. झोप, थायरॉइड, नैराश्यही तपासून घ्या; तिन्ही असाच गोंधळ घालतात. दुसरं मत हवंच असेल तर बंगळुरूचं निम्हान्स आहे.

औषधांचं म्हणाल तर मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन भारतात मिळतात. पहिलं नियंत्रित औषध आहे, प्रत्येक मेडिकलवर मिळेलच असं नाही. परदेशी चिठ्ठीच्या भरवशावर तर राहूच नका. अमेरिकेतलं ॲडरॉल इथे विक्रीलाच नाही. डोस बसेपर्यंत रक्तदाब, नाडी पाहावी लागते, त्यासाठी डॉक्टर जवळचाच बरा.

पुढे कामानिमित्त दुबईला जायचं झालं, तर मिथाइलफेनिडेट नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी काढा.