उठताना हात टेकता?

“डॉक्टर, मी रोज पाऊण तास चालते. तरी पाटावरून उठताना हात टेकावाच लागतो.” साठीपुढच्या कितीतरी मावशी ही तक्रार घेऊन येतात. चालणं सोडू नका, हृदयाला ते हवंच. पण मांडीच्या स्नायूंना ते अंगवळणी पडलेलं असतं आणि स्नायू मोठा हिशेबी! जेवढं ओझं पडेल, तेवढीच ताकद राखतो.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे शेजारी शेजारी असतात. मज्जातंतूचा निरोप आला की आत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनची इवली डोकी ॲक्टिनला धरून ओढू लागतात, रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तशी. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटकन आकसणारे तंतू. न्हाणीघरात पाय घसरला तर सावरणारेही तेच.

त्यांना कामाला लावायचं तर ओझं हवं. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीशी घेऊन उठा आणि बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसा. श्वास कोंडू नका. असं आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. हात सोडून जमेना, तर आधी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. पहिल्या काही आठवड्यांत मांडी भरणार नाही, पण उठणं सोपं होईल, कारण मज्जासंस्था जास्त तंतूंना एकदम हाक मारायला शिकते. तंतू जाड व्हायला आणखी वेळ लागतो. आणि प्रथिनंही लागतात. चहा-खारीवर स्नायू बनत नाहीत. डाळ, दही, अंडी, मासे जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. दोष लॅक्टिक ॲसिडला देतात, पण ते तास-दोन तासांतच निघून गेलेलं असतं. ठणका असतो तो तंतूंना झालेल्या बारीक इजांचा. दोन-तीन दिवसांत ओसरतो. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा लघवी काळपट झाली, तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

“आता या वयात?” असं म्हणू नका. १९९० साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांनी पायांनी वजनं उचलायला सुरुवात केली. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली आणि दोघांची काठी सुटली.