पूर्व कोणाची?

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी मी बदलापूर येथील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. फेब्रुवारी महिन्यात आमच्या शाळेत शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पहिला पेपर सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली असतील, तोच एक मुलगा घामाघूम होऊन दाराशी उभा राहिला. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून तो आला होता. हातातले प्रवेशपत्र चुरगळून गेले होते. मी त्यास आत घेतले; परंतु गेलेला वेळ भरून देण्याची नियमात सोय नव्हती. शेवटचे सहा प्रश्न त्याच्या हातून सुटले नाहीत.

पेपर संपल्यावर मी त्यास जवळ बोलावले. "बाळ, उशीर का झाला रे?"

"गुरुजी, कागदावर 'बदलापूर पूर्व' असं लिहिलंय. स्टेशनाजवळ उतरलो तेव्हा सूर्य समोर होता. त्याच्याकडे तोंड करून चालत सुटलो. पुष्कळ लांब गेल्यावर एका आजींनी सांगितलं, शाळा रुळांच्या पलीकडे आहे."

'अरे, कोणाला विचारायचे तरी!' असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण संध्याकाळी मी नकाशा उघडून बसलो आणि चकित झालो. मुलाने दिशा ओळखण्यात तसूभरही चूक केली नव्हती. बदलापूर स्थानकाच्या ज्या बाजूस आपण 'पश्चिम' म्हणतो, त्याच बाजूस सूर्य उगवतो!

हे कसे घडले, ते समजून घ्यावयाचे तर प्रथम दिशांच्या नावांची थोडी विचारपूस केली पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्यासमोर पूर्व. 'पूर्व' या शब्दाचा एक अर्थ 'पुढचा, आधीचा' असा आहे. तुमच्या पाठीशी पश्चिम. 'पश्चात्' म्हणजे मागाहून, हे तुम्हांस ठाऊक आहेच. आता उजवा हात पसरा. तो दक्षिणेकडे जाईल. संस्कृतात 'दक्षिण' याचा अर्थ 'उजवा' असाही होतो. म्हणूनच देवाला उजव्या हाताशी ठेवून आपण जी फेरी घालतो, ती प्रदक्षिणा. डाव्या हाताला मात्र शब्दकर्त्यांनी वगळले. 'उत्तर' म्हणजे 'अधिक वरचा'. तिकडे हिमालय आहे, मग हाताची आठवण कोणाला होणार?

याचा अर्थ असा की, ज्यांनी ही नावे दिली ते लोक पूर्वेकडे तोंड करून उभे होते. अरबी भाषेतही असेच आहे. तेथे 'डावा' आणि 'उत्तर' यांसाठीचे शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत.

ही गोष्ट दगडात पाहावयाची असेल, तर अंबरनाथच्या शिवालयात जावे. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा असून त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. मंदिराचे मुख्य द्वार पश्चिमेस आहे; शिवाय मंडपाला उत्तरेस व दक्षिणेस एकेक द्वार आहे. मुख्य द्वारातून आत शिरणाऱ्या भक्ताचे तोंड आपोआप पूर्वेकडे होते, आणि त्याच्या उजव्या हातास जे द्वार येते ते दक्षिणद्वार. शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र भेटतात.

गावांची आणि मुलखांची नावेही अशीच कोणीतरी कोठेतरी उभे राहून दिलेली असतात. पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख तो मावळ. सूर्य जिकडे मावळतो ती बाजू. पण हे नाव घाटावरच्या माणसाच्या तोंडी शोभते. बदलापूरकराला तोच मावळ डोंगरापलीकडे आग्नेयेस आहे, आणि हिवाळ्यात सूर्यही त्याच अंगाला झुकून उगवतो!

कोणी म्हणेल, माणसे नेहमी पूर्वेकडेच पाहत असतील. तसे नाही. इंग्लंडमध्ये टॉल्किन नावाचे एक भाषापंडित होऊन गेले (1892–1973). ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. भाषा रचण्याचा त्यांना विलक्षण छंद होता. 'एल्फ' नावाच्या कल्पित लोकांसाठी त्यांनी क्वेन्या ही भाषा रचली. तिच्यात रोमेन म्हणजे उगवती आणि नूमेन म्हणजे मावळती. हे तर आपल्यासारखेच झाले. परंतु दक्षिणेला ते ह्यारमेन म्हणतात, म्हणजे डाव्या हाताकडचा प्रदेश; आणि उत्तरेला फोरमेन, म्हणजे उजव्या हाताकडचा! का बरे? टॉल्किन यांच्या कथेत एल्फांची पुण्यभूमी पश्चिम समुद्रापलीकडे आहे. त्यामुळे एल्फ पश्चिमेकडे तोंड करून दिशा मोजतात, आणि मोजण्याची सुरुवातही पश्चिमेपासूनच करतात. त्या कथांतील एका मोठ्या बेटाचे नाव नूमेनोर. त्यातही मावळतीचाच शब्द आहे. भाषा कल्पित असली, तरी ती बोलणारा कोठे पाहत असेल याचा विचार या गृहस्थांनी किती बारकाईने केला पाहा!

आता आपल्या मुलाकडे वळू. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी 1853 साली धावली, 1854 साली ती कल्याणास आली आणि 1856 साली कर्जतच्या बाजूस पुढे गेली. मुंबईहून निघालेली गाडी आधी बरीचशी उत्तरेकडे जाते. तेव्हा प्रवाशाच्या उजव्या हाताची बाजू ती पूर्व आणि डाव्या हाताची ती पश्चिम, हे अगदी बरोबर. कल्याणनंतर मात्र कर्जतचा मार्ग वळतो आणि आग्नेयेकडे जाऊ लागतो. मार्ग वळला, नावे वळली नाहीत. उजवा हात आता नैर्ऋत्येकडे झाला, तरी त्यास 'पूर्व'च म्हणत राहिले; डावा हात ईशान्येकडे झाला, त्याचे नाव 'पश्चिम'च राहिले. बारवी धरण बदलापूरच्या पूर्वेस आहे; पण तिकडे जाणारा रस्ता बदलापूर 'पश्चिमे'तून निघतो. आमच्या संस्कृतात उजवा हात म्हणजे दक्षिण, एल्फांच्या भाषेत उत्तर, आणि या लोहमार्गावर पूर्व!

वाटेतल्या उल्हासनगराने यातून एक वेगळीच वाट काढली. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना तेथील बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसविली. उल्हास नदीवरून नगरास उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि राहणाऱ्यांच्या तोंडी छावणीचे जुने आकडेच राहिले. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतात. आकड्याला उजवे-डावे नसते, हे एका परीने बरेच. पण ज्या गावांची नावे मागे सिंधमध्ये राहिली, ती उच्चारताना त्या माणसांचे तोंड कोठे वळत असेल?

पुढच्या वर्षीच्या परीक्षेआधी मी एक छोटा नकाशा काढला. त्यावर स्थानक, रूळ आणि आमची शाळा दाखविली, आणि पूर्व-पश्चिम असे काहीच न लिहिता एवढेच लिहिले : 'मुंबईहून येताना उजव्या हातास.' तो नकाशा मी आसपासच्या सर्व शाळांना पाठविला; बारवीकडच्या त्या पाड्यावरील शाळेत मात्र स्वतः नेऊन दिला.