माप आधी घ्यायला सांगा

आईच्या वरच्या जबड्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर टाळूचा डावा भाग गेला. तो जाणारच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण टाळूला भोक पडेल, तोंड आणि नाक एक होईल, हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही. जखमेत भरलेला बोळा काढला आणि पाजलेला चहा नाकातून आला. केदारेश्वराच्या देवळात भजनाला पुढं बसणारी माझी आई 'पाणी' म्हणायची, ते 'माणी' ऐकू यायचं. पाहुणे आले की तोंडाला पदर लावून आत जायची. सर्जनना विचारलं, तर तिच्यासमोरच म्हणाले, "जीव वाचला ना? मग बोलण्याचं काय घेऊन बसलात?" घोटभर पाणी धड गिळता न येणाऱ्या बाईसमोर!

शेवटी आमच्या धर्मापुरीहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठलं. तिथल्या मॅडमनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, "ऑपरेशनआधी दातांचं माप घेतलं होतं का?"

मी गप्प. मग त्यांनीच समजावलं. आधी माप घेतलं असतं, तर त्या साच्यावर प्लेट करून ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता आली असती. बोळा जागेवर राहिला असता, आई लवकर तोंडानं खाऊ लागली असती. ऐकताना माझे हात थरथरत होते. या प्लेटला ऑब्च्युरेटर म्हणतात. फ्रान्सचा सर्जन आंब्रवाज पारे १६व्या शतकात टाळूचं भोक बुजवायला अशा पट्ट्या वापरत होता. आणि आमच्या सर्जनना दंतवैद्याच्या नावे एक चिठ्ठी लिहिता आली नाही!

म्हणून सांगतो, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा, माप कोण घेणार? उत्तर मिळालं नाही, तर स्वतः दंत महाविद्यालयात जा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तर यासाठी वेगळा विभागच आहे. उरलेले दात घाईनं काढू देऊ नका, प्लेटच्या तारा त्यांनाच धरतात. रेडिएशनचे शेक द्यायचे असतील तर दात आधी दाखवा. शेकानंतर दात काढला तर हाड सडण्याची भीती असते. तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करा. आईचं तोंड इतकं आखडलं होतं की मापाचा ट्रे आत जाईना. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून, रडत रडत तिनं ते उघडलं. हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली प्लेट तात्पुरती असते. जखम आक्रसते तशी ती सैल होते, पुन्हा भरून घ्यावी लागते. पक्की प्लेट ऑपरेशननंतर साधारण ३ ते ६ महिन्यांनी, शेक असतील तर आणखी उशिरा. तंबाखू, मिश्री सोडा, कागदपत्रं जपा, हे सगळेच सांगतात.

प्लेट लावल्यावर आई भाकरी कुस्करून खाऊ लागली, फोनवरचं बोलणं समजू लागलं. हे तिला दवाखान्यातून निघतानाच मिळायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर टाके, गोळ्या, पुढची तारीख, सगळं आहे. प्लेटचा मात्र उल्लेखही नाही.